उधाणाची रेघ

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गुरुदास मुंबईहून आला, ट्रंक भिंतीला लावली, आपल्या साडेतीन वर्षांच्या मुलीला उचलून तिचे मुके घेतले आणि तिला ओटीवर उभी करायला वाकला. आनंदीने तिला वरच्यावर झेलली. घरात कोणाला त्याचं नवल वाटलं नाही. वर्षातून एकदोनदा येणाऱ्या माणसाच्या घरचे नियम लक्षात राहत नाहीत, एवढंच जो तो मनात म्हणाला.

"भावजी, पाय," आनंदी म्हणाली आणि मथुराला आपल्या डाव्या कमरेवर बसवून आत गेली.

नियम एकच होता. मथुराचे पाय जमिनीला लागायचे नव्हते. तान्ही असताना तिला झटके आले होते, आणि मालवणचा डॉक्टर बॅग बंद करून उभा राहिला तेव्हा तिची काकी आनंदी तिला पदरात गुंडाळून माउलीच्या देवळात गेली होती. मागोमाग सगळं घर गेलं. गाऱ्हाणं सासऱ्यांनी, भिकाजी तांडेलांनी घातलं. आवाज त्यांचा होता, शब्द आनंदीचे. "माउलीये, ह्या चेडू आमका राख. पाच वर्सां पुरी होयसर आमी तेचो पाय भुंयेक लावचव नाय, आणि पयलो पाय तुझ्या पायरेर ठेवू." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मूल वाचलं.

नवस बोलणारी घरं देवबागात पुष्कळ होती, पण पाळण्यात तांडेलांच्या घराचा हात कोणी धरला नसता. मथुराची आंघोळ मांडीवर, जेवण मांडीवर, झोप पाळण्यात. एका मावसभावाने तिला गंमत म्हणून तुळशीपाशी उभी करू पाहिली होती. त्याला त्या घरात पुन्हा साखर घातलेला चहा मिळाला नाही. बाकीचा सगळा वेळ ती आनंदीच्या कमरेवर असे. आनंदीला स्वतःचं मूल नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी बोलत नसे. इतक्या दिवसांत आनंदीची चाल डावीकडे कलली होती. मथुरा जवळ नसतानाही लांबून ती मूल कडेवर घेऊन येत असल्यासारखी दिसे.

मथुरा बोलायची सगळं, जरा उशिरा आणि जरा ओढून. पाय मात्र काठ्यांसारखे ताठ, आणि उभं धरलं की एकमेकांवर चढणारे. घरातल्यांना वाटे, पाच वर्षं झाली, माउलीच्या पायरीवर ठेवली, की सुटतील.

चहा झाल्यावर गुरुदासने दुसरी चूक केली. पत्रातून कळलेलं त्याने ओटीवर, सगळ्यांच्या देखत, बायकोला, सुभद्राला विचारलं, "बर्नादेत बाय काय म्हणता? आता किती वेळ उभा रवता चेडू?"

सुभद्राने आढ्याकडे पाहिलं.

"खंय उभा रवता?" आनंदीने विचारलं.

"पाटार," सुभद्रा म्हणाली. "बर्नादेत बाय आधी पाट घालता. पाय भुंयेक लागणत नाय, बाय. मी बघतंय मा."

"कधीपासून?"

"शिमग्यापासून."

शिमग्यापासून सुभद्रा सकाळी लेकीला घेऊन खाडीच्या बाजूला वारं खायला जात होती. आनंदीला तेव्हाच संशय यायला हवा होता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे दोरीएवढी जमीन. देवबागात वारं खायला कोणी कुठे जात नाही, ते घरातच येतं.

बर्नादेत खाडीकाठची. मुंबईत लहान मुलांच्या इस्पितळात ती नर्स होती, आणि तिथे तिचं कामच मुळी असल्या मुलांना बसायला, उभं राहायला, चमचा धरायला शिकवण्याचं होतं. आई अंथरुणाला खिळली म्हणून ती परत आली आणि सकाळी आपल्या व्हरांड्यात तेच काम करत बसली. तारकर्लीचा एक मुलगा यायचा, खाडीपलीकडून एक मुलगी होडीतून यायची. शाळेत जायच्या वयाचं मूल कोणी आणलं तर ती तोंडावर सांगायची, "उशीर केलास. तरी बसा."

"पाट म्हणजे काय भुंय?" गुरुदास म्हणाला.

सगळ्यांनी भिकाजींकडे पाहिलं. भिकाजी रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके. किनाऱ्याच्या वाळूत, पुळणीवर, जाळं ओढून झालं की मासळीचे वाटे तेच घालायचे, आणि त्यांनी घातलेल्या वाट्याबद्दल आजवर कोणी ब्र काढला नव्हता. त्यामुळे घरातही निवाडा त्यांचाच असे, मग तो मासळीचा असो नाहीतर सुनांचा. त्यांनी विडी पेटवली.

"पाट कशार आसता?"

"भुंयेर," गुरुदास म्हणाला.

"मगे?"

"मगे खाट पण भुंयेरच आसता, आबा," लवू म्हणाला. लवू हा आनंदीचा नवरा. तो वर्षातून मोजकंच बोलायचा आणि त्यातलं बरंचसं चुकीच्या वेळी.

"तुमका कोणी इचारल्यान?" आनंदी म्हणाली.

"खाटेर कोण उभो रवणा नाय," भिकाजी म्हणाले. "पाटार उभा रवला म्हणजे भुंयेर उभा रवला. शिमग्यापासून नवस मोडलो."

आनंदीने मथुराचं तोंड उजेडाकडे वळवून नीट पाहिलं, कुठे निळी पडते आहे का. मथुरा बापाने आणलेला हलवा खात होती. तिने तोही आनंदीच्या तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे देवळात कौल लावायला गेले. नवसातून मोकळं करायचं तर उजवा, नाही तर डावा. दाजी गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या, भिकाजींनी गाऱ्हाणं घातलं आणि सगळे बसले. पाकळी पडेना. दाजीने पुन्हा विचारलं. भिकाजींनी आपण कोण, कोणाचे, कुठले हे माउलीला पुन्हा एकदा सांगितलं, तिच्या लक्षात नसेल तर म्हणून. उन्हं डोक्यावर आली तरी दोन्ही पाकळ्या जिथल्या तिथे होत्या.

"माउली बोलाक तयार नाय," दाजी शेवटी म्हणाला. "तुमचा तुमी बघा, म्हणता."

"असा म्हणता?" आनंदीने विचारलं.

"म्हणणा काय नाय. पण तसाच वाटता."

मग दर्याला नारळ सोडला, घरी येऊन नारळीभात खाल्ला, आणि दुपारी बर्नादेतला बोलावणं गेलं. ती आली ती लाकडी खुर्चीवर बसली नाही, मथुराच्या पाळण्यापाशी खाली बसली आणि बोलता बोलता तिच्या पायाच्या पोटऱ्या दाबू लागली. मथुराने सवयीने दुसरा पाय पुढे केला. ते पाहून आनंदीला इतका राग आला की तिने उठून पाळण्याची दोरी नीट केली, जी नीटच होती.

"बर्नादेत बाय," भिकाजी म्हणाले, "आमचो नवस आसा. तुझ्यात नसता, म्हणान तुका..."

"आमच्यात पण आसता, आंगवण म्हणतव, तांडेलानूं," बर्नादेत म्हणाली. "मी स्वता सायबिणीक, आमच्या मेरीमायेक, मेणाचे पाय दिलेले आसत, ह्याच पोरांसाठी. पण ते दिले म्हणान सकाळची कसरत सोडूक नाय."

"पाच वर्सां भरूक दीडच वर्स रवला," आनंदी म्हणाली. "थांबलास तर काय होता?"

"शिरा आखडतत." बर्नादेतने मथुराची टाच हातात घेऊन वर दाबली, ती थोडी दबली आणि अडली. "शिमग्यात ही इतकीच वळा. आता इतकी वळता. हेच्या पायांक भुंय कधी गावलीच नाय, म्हणान तेंका कळलाच नाय की आपण पाय आसव. ल्हान आसतानाच कळता ता. मागीर मी हात जोडतलंय, आणि मुंबयचो डाक्टर पण जोडतलो."

"मी मुंबयक न्हेतंय," गुरुदास म्हणाला.

"खंय? तुझ्या खोलयेत?" भिकाजी म्हणाले. गुरुदासच्या खोलीत गावची माणसं पाळीपाळीने झोपायची, हे गुरुदासनेच मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं.

"गोंयात एक डाक्टर आसा म्हणतत," लवू म्हणाला.

"वाटेर पोर्तुगीज बसलेत," आनंदी म्हणाली.

सुभद्रा इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मोठ्या जावेपुढे ती कधी आवाज चढवत नसे, आताही चढवला नाही. "बाय, नवस बोललास तेवा माझा चेडू वाचला. तुमचे उपकार मी ईसरान नाय. पण तुमी तेका वाचवलास ता असा कडेर ठेवूक?"

आनंदीने पाळण्याची दोरी पुन्हा हातात घेतली.

"माका भय वाटता," ती म्हणाली. "तुमका कोणाक वाटणा नाय? ता निळा पडला तेवा ता माझ्या हातात होता. तुमच्या कोणाच्या हातात नाय होता. पाय टेकलो आणि माउलीन परत मागल्यान तर मी खंय जाव?"

भिकाजींची विडी विझली होती. त्यांनी ती पुन्हा पेटवली नाही. त्यांनी दारातून दिसणाऱ्या पुळणीकडे पाहिलं आणि भाटकाराची, गावच्या जमीनमालकाची, गोष्ट काढली. घरात सगळ्यांना ती पाठ होती. भिकाजींच्या बापाच्या वेळी भाटकाराने पुळण आपली म्हणून दर रापणीत वाटा मागितला होता, आणि भिकाजींचा बाप गुडघाभर पाण्यात उभा राहून भांडला होता. दोन गावांच्या म्हाताऱ्यांनी बसून ठरवलं, उधाणाचं पाणी जिथवर पोचतं तिथवर समुद्राची, त्याच्या वर भाटकाराची. तेव्हापासून भाटकाराला एक तारलीसुद्धा मिळाली नाही.

"पुळणीर, पाण्याच्या रेघेखाल, भुंय न्हय," भिकाजी म्हणाले. "दर्यो आसा तो. थंयसर उभा केला तर नवस मोडणा नाय. पण नवस हिच्या तोंडातलो. पाय ठेवूचो तो हिनाच ठेवूचो. दुसऱ्यान ठेवलेलो चलाचो नाय."

गुरुदासने आनंदीकडे पाहिलं. सुभद्राने पाहिलं नाही.

"माझ्यान होवचा नाय," आनंदी म्हणाली आणि भांडी घासायला गेली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

बर्नादेत निघताना मागच्या दाराने गेली. विहिरीपाशी आनंदी घासलेलं तपेलं पुन्हा घासत होती.

"आनंदीबाय, एक सांगतंय, मगे जातंय," बर्नादेत म्हणाली. "पाच वर्सां भरतली. तू तेका न्हेवन माउलीच्या पायरेर ठेवशीत. सगळो गाव बघतलो. आणि ता थंयच आडवा पडतला, कारण पाय शिकलेच नाय. मगे नवस फिटलो काय गो म्हणायचो? पायरेर उभा रवाचा तर उभा रवाक आधी शिकाक होया."

आनंदीने तपेलं उपडं घातलं. बर्नादेतने उत्तराची वाट पाहिली नाही. घरी आईची कूस बदलायची वेळ झाली होती.

हंगामाची पहिली रापण घालेपर्यंत घरात पायांचा विषय निघाला नाही. आनंदी मथुराला घेऊन वावरत होती, सुभद्रा दोघींच्या वाटची कामं करत होती, आणि गुरुदास सुट्टी वाढवून मिळाली म्हणून सांगत होता, जे कोणी विचारलं नव्हतं. आनंदी पायरीचा विचार करत होती. डोळ्यांपुढे तिला देऊळ दिसे, गाव दिसे, आणि आपण खाली ठेवलेली मथुरा दिसे. पुढचं दिसलं की ती विचार तोडून मीठ घालायला उठे. एका आमटीत त्या दिवसांत मीठ दोनदा पडलं.

रापणीच्या सकाळी समुद्र निवळला होता. होडी अर्धं वर्तुळ मारून आली, जाळ्याचे दोन दोर दोन टोकांना किनाऱ्यावर आले, आणि गावातली बाया-माणसं दोन्ही दोरांना लागली. दोराला ज्याचा हात त्याला वाटा, हा रापणीचा नियम. एका हाताने ओढणाऱ्याला अर्धा. मथुरा कडेवर आल्यापासून आनंदीला दर रापणीत अर्धा वाटा मिळत होता, आणि तो घालणारा तिचा सासराच होता. त्यात भिकाजींनी कधी सूट दिली नाही, तिनेही कधी मागितली नाही.

ती कोरड्या वाळूत, दोराच्या अगदी शेवटाला उभी राही. त्या दिवशी ती थांबली नाही. शेवाळ आणि शिंपल्यांची ओळ, उधाणाने काढलेली, तिने ओलांडली, ओल्या वाळूत गेली, आणि लाट घोट्याला लागली तिथे थांबली. दोर ओढणाऱ्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. सुभद्रा ओढायची थांबली.

"माउलीये," आनंदी हळू म्हणाली, "ही भुंय न्हय. तांडेलान सांगल्यान हा. चूक आसली तर तांडेलाक धर, ह्याका नको."

आणि तिने मथुराला खाली ठेवली.

मथुराची बोटं आत वळली. पाय एकमेकांवर चढले. तिने किंकाळी फोडली आणि आनंदीच्या लुगड्याला दोन्ही हातांनी धरलं. आनंदी उचलायला वाकली. बर्नादेत मागून कधी आली कळलं नाही, तिने मथुराला कमरेला धरलं होतं. "उचलू नको. काखेत धरू नको. हात दोरार दी तेचे." आनंदीने एकेक बोट लुगड्यावरून सोडवलं आणि दोरावर लावलं. ते करताना ती रडत होती आणि ते लपवायला तिच्याकडे हात मोकळा नव्हता.

लाट आली, गेली, जाताना टाचांखालची वाळू घेऊन गेली. मथुरा रडायची थांबली. तिने खाली पाहिलं. दुसरी लाट आली आणि टाच वाळूत रुतली, टेकली.

"मोठये, माका कोणतरी ओढता," ती म्हणाली. आनंदीला ती मोठी म्हणे.

"तू पण ओढ," आनंदी म्हणाली.

मग तिच्या लक्षात आलं की आपले दोन्ही हात रिकामे आहेत. काय करावं ते न कळून तिने दोर धरला आणि ओढू लागली, आणि जाळं पुळणीवर येईपर्यंत ओढत राहिली. मथुरा तेवढा वेळ उभी नव्हती. ती बसली, पडली, बर्नादेतने उभी केली, पुन्हा पडली, खारं पाणी प्यायली. पण दोर सोडला नाही.

बांगडे चांगले आले होते. भिकाजींनी वाटे घातले. आनंदीच्या पुढ्यात त्यांनी पूर्ण वाटा टाकला, आणि त्याच्या बाजूला तीन बांगड्यांचा एक लहान ढीग.

"हो कोणाचो?" लवूने विचारलं.

"दोराक हात लायलेल्याचो," भिकाजी म्हणाले आणि पुढच्या वाट्याकडे वळले.

आनंदीने आपल्या पूर्ण वाट्याकडे पाहिलं. तिला वाईट वाटलं. हे चांगल्यासाठी आहे हे कळत होतं, त्याने वाईट वाटणं काही कमी झालं नाही. बर्नादेत सुभद्राला सांगत होती की असं रोज व्हायला हवं, एक दिवस आड नको; आणि सुभद्रा विचारत होती की दर्या खवळला, पाऊस लागला, तर रोज पुळणीवर कसं आणायचं. दोघी भिकाजींकडे बघायला तयार नव्हत्या. निवाडा एकदा झाला होता आणि त्याच्यापेक्षा जास्त मागायची कोणाची छाती नव्हती.

"आबा," आनंदी म्हणाली. "उधाणाचा पाणी जंयसर पोचला थंयसर दर्याची. असाच मा तुमी सांगलास?"

"होय."

"गेल्या वर्सा आमच्या तुळशीपर्यंत इला होता."

भिकाजींनी हातातला बांगडा खाली ठेवला. "इला होता."

"आणि तुफानाच्या साली?"

"रांदपाच्या खोलयेत. तुझी टोपां व्हावन गेली."

"फुडे?"

"फुडे खाडयेक मिळाला. दर्यो आणि खाडी एक झाली."

"मगे आमच्या घरात भुंय आसा खंय?"

दोन्ही दोरांवरची माणसं ऐकत होती. भिकाजींनी विडीसाठी कानामागे हात नेला, ती ओली झाली होती. त्यांनी घराकडे पाहिलं, तुळशीकडे पाहिलं, पलीकडच्या खाडीकडे पाहिलं.

"नाय," ते म्हणाले. "आमच्या घरात भुंय नाय."

"व्हय म्हाराजा," लवू म्हणाला. पहिल्यांदाच योग्य वेळी.

घराकडे जाताना सुभद्राने मथुराला काखेत नाही, बर्नादेतने दाखवल्याप्रमाणे कमरेला धरलं आणि तिला एकेक पाऊल टाकायला लावत शेवाळाची ओळ ओलांडून कोरड्या वाळूत गेली. मागून आनंदी मासळीची पाटी दोन्ही हातांत घेऊन येत होती, डावीकडे कललेली. चार पावलांवर मथुरा थांबली. पाय थरथरत होते. तिने मागे वळून दोन्ही हात वर केले.

"मोठये, उचल माका."

आनंदीने पाटी घट्ट धरली.

"माझे हात भरलेले आसत," ती म्हणाली. "चल."